सहा आकड्यांची मोहीम, मुक्काम पोलादपूर

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास आषाढ, इंग्रजी साल दोन हजार चोवीस, ते समयी सावित्रीच्या खोऱ्यात, पोलादपूर मुक्कामी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जे रण माजले त्याची ही हकीगत. आधी नमन विद्येच्या देवतेस, मग नमन त्या कपाटांस ज्यांस दार आहे परंतु किल्ली नाही, आणि मग नमन त्या वाचकांस जे पुस्तक नेतात आणि परतही आणतात. ते थोडे असोत, परंतु आहेत. पुढील पिढी पुसेल की एक मुलगी, एक पुस्तक आणि मध्ये एक खिडकी, यात लढाई ती कसली. त्यांस खरे वर्तमान कळावे म्हणोन, कोणाची भीड न धरता आणि कोणाचा मान न मोडता, जैसे घडले तैसे लिहिले आहे.

ग्रंथालयाचा सुभा वज्रचष्मामंडित आनंदीबाई ग्रंथपाल यांजकडे चौतीस वर्षे होता. बाई आल्या तेव्हां दोन कपाटे, एक टेबल आणि टेबलाखाली घुशीचे बीळ, एवढाच सरंजाम. त्याची अकरा हजार पुस्तके केली, आणि पुस्तकांच्या कार्डांसाठी सागवानी खणांची पेटी करविली, तिचे खण चोवीस. कार्डाच्या दर्शनी बाजूस ग्रंथाचे नाव आणि क्रमांक, तो सरकारी मजकूर. पाठीमागे बाईंचा स्वतःचा. कोणी नेले, कधी आणेल, आणणार नसल्यास कां, ऐसा सर्व बारीक अक्षरात. कापडे गावाच्या वर डोंगरात वरची वाडी म्हणोन आहे, तेथे घरोघर आडनाव एकच, आणि नावेही फिरून फिरून तीच. म्हणोन बाईंनी सभासद घरावरून लिहिले. अपेक्षा आंब्याखालची, अपेक्षा बावेजवळची, म्हणजे विहिरीकडची, आणि अपेक्षा दुकानामागची. चौतीस वर्षांत एका अपेक्षेचे पुस्तक दुसरीच्या नावे पडले नाही.

एकवीस साली खुद्द सावित्री सभासद न होता ग्रंथालयात शिरली आणि खालच्या दोन फळ्यांवरील सहाशे पुस्तके घेऊन गेली, ती तिने अद्याप परत केली नाहीत. त्या प्रसंगी काशीराम परिचर याने चोवीसही खण एकेक करून डोक्यावर घेऊन माडीवर नेले, आणि पाणी ओसरल्यावर बाईंनी उरली पुस्तके दोरीवर पसरून सुकविली, तेव्हां गावकऱ्यांस वाटले की कॉलेजने पापडाचा कारखाना काढला.

बाईंचा रिवाज एक होता. खिडकीशी आलेल्या मुलास नुसते 'नाही' म्हणोन त्यांनी कधी परतविले नाही. 'नाही, पण' म्हणत. पण मंगळवारी ये, पण महाडच्या वाचनालयातून आणविते, पण ते अमक्याकडे आहे आणि त्याची लावणी झाली की तो आणील. आता साठ वर्षे पुरी होऊन आषाढ वद्य एकादशीस, म्हणजे जुलैच्या एकतीस तारखेस, सेवानिवृत्तीचा मुहूर्त ठरला होता. त्यांची इच्छा इतकीच की कोरा नकार आपल्या खिडकीतून एकदाही न जावा, आणि हिशेब तैसाच बंद व्हावा.

ऐशात राजमान्य राजश्री डॉक्टर विनीतराव प्राचार्यपदी नामजाद होऊन पुण्याहून आले. महाडास चवदार तळ्याजवळ बिऱ्हाड केले, रोज सकाळी दुचाकीवरून पोलादपुरी स्वारी येई. गृहस्थ हुशार, मनाने निर्मळ, परंतु त्यांस धूळ दिसली की सुधारणा सुचत असे. त्यांनी फर्मान काढिले की ग्रंथालय संगणकाधीन करावे. संगणकाच्या परवानगीवाचून एकही ग्रंथ उंबरा ओलांडणार नाही. कार्डांचे खण पडवीत ठेवून भंगारात द्यावे. आणि आनंदीबाईंनी निवृत्त होताना जो चार्ज द्यावयाचा तो संगणकाच्या यादीवरूनच द्यावा, प्रत्येक ग्रंथ जागेवर दाखवून.

मग पनवेलहून शुभम नामे कंपनीचा सरदार पाठीस पिशवी लावून दाखल झाला. संगे बारकोडाची बंदूक, चिकटपट्ट्यांची भेंडोळी, आणि दाराशी उभी करावयाची एक चौकट, जी बिननोंदीचा ग्रंथ जाता मोठ्याने बोंब मारीत असे. काशीरामाने अकरा हजार पट्ट्या बावीस दिवसांत चिकटविल्या, आणि अंगठ्याची रेषा पुसली गेली म्हणोन बायकोस दाखविली. बाईंनी कोठे आडकाठी केली नाही. उलट शुभमरावांस चहा पाजून एकेक कळ शिकून घेतली, वहीत लिहून ठेविली, आणि तिसरे दिवशी शुभमरावांची एक चूकही दाखविली, ती त्यांनी कंपनीस कळविली नाही.

त्याउपरी सभासदांची भरती झाली. संगणकाने नाव मागितले, आडनाव मागितले आणि मोबाईल नंबर मागितला. येथे घात झाला. वरच्या वाडीत मोबाईलची रेंज एकेच ठिकाणी येते, ते ठिकाण सयाजीच्या दुकानाच्या पडवीचा पश्चिमेकडील खांब. त्या खांबास खिळा, खिळ्यास प्लास्टिकची थैली, थैलीत सयाजीचा फोन. फोन खिळ्यावरून काढिला की रेंज गेली. मुंबईकर चाकरमान्यांचे निरोप, दवाखान्याचे, शाळेचे, सोयरिकीचे, सर्व त्या खिळ्यावर येतात, आणि सयाजी पायरीवर उभा राहून ज्याच्या त्याच्या नावाने हाक देतो. म्हणोन वाडीच्या एक्केचाळीस मुलामुलींनी वाडीच्या रिवाजाप्रमाणे सयाजीचा नंबर दिला. संगणकाने एक नंबर पाहिला, एक आडनाव पाहिले, आणि एक्केचाळीस जणांचा एक सभासद केला. त्याचे नाव सयाजी, वय एक्कावन्न, वर्ग प्रथम वर्ष कला.

हे उघडकीस आले ते आषाढ शुद्ध पक्षात. आंब्याखालची अपेक्षा, शास्त्र शाखेची, तिसऱ्या वर्षाची, लावणीचा चिखल पोटरीवर घेऊन खिडकीशी आली. तिची वनरक्षकाची परीक्षा नागपंचमीच्या दुसरे दिवशी ठरली होती. सह्याद्रीच्या झाडाझुडपांवरचा चित्रांचा जाड ग्रंथ तीस हवा, त्याची प्रत सबंध तालुक्यात एकच, ती या ग्रंथालयात. बाईंनी बंदूक चालविली. संगणकाने तांबडी पाटी दाखविली की सयाजी या सभासदाकडे दोन पुस्तके आधीच आहेत, तिसरे मिळणार नाही.

"बाई, मी सयाजीकाका नाय," अपेक्षा बोलली.

"मला दिसतंय गं. ह्याला दिसत नाही."

"मग मी कोन, ते ह्याला कोन सांगनार?"

बाईंनी शुभमरावांस पाचारण केले. शुभमराव म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये एक नंबर म्हणजे एक माणूस. सिंपल आहे."

"आमच्याकडे एक नंबर म्हणजे एक वाडी," बाई म्हणाल्या. "तेही सिंपलच आहे."

मग अपेक्षेस दुसरा नंबर लावावा ऐसी मसलत निघाली. परंतु बाईंचा नंबर लाविता अपेक्षा आनंदीबाईंत विलीन होणार, काशीरामाचा लाविता काशीरामात. तिचे नाव सयाजीपासून तोडावे, तर तोडण्यास सयाजीच्याच फोनवर सहा आकडी ओटीपी जाणार, तो सयाजीने सांगावा, आणि तीन मिनिटांत येथे चढवावा. तीन मिनिटांउपरी तो आकडा मेला. बसून वाचावे, तर वाडीकडे जाणाऱ्या एसटी दिवसास दोनच, आणि शेतात हात कमी. चोरून द्यावे, तर दाराची चौकट बोंबलणार, आणि चार्जच्या दिवशी तो ग्रंथ जागेवर नाही म्हणोन चौतीस वर्षांचा कारभार एका पुस्तकाने उणा पडणार. विनीतरावांनी दयाळूपणे सुचविले की ग्रंथ पोर्टलवर आहे, मोबाईलवर वाचावा.

"सर," अपेक्षा अदबीने बोलली, "मोबाईल खिळ्याला हाय."

त्या दिवशी मुलगी रिकाम्या हाती गेली. बाई 'नाही, पण' म्हणाल्या खऱ्या. परंतु 'पण'च्या पुढे काय, ते त्यांस सुचले नाही, आणि हे चौतीस वर्षांत प्रथम घडले. दुसरे खेपेस अपेक्षा आली तेव्हां शुभमरावांनी खिळ्यावर फोन लाविला आणि हिंदी मिसळून ओटीपी मागितला. पलीकडून कोणी शांतपणे फोन बंद केला. तिसरे खेपेस अपेक्षा आत आलीच नाही. दारातून पाहून, मान हलवून, एसटी गाठावयास गेली. बाईंनी ते पाहिले आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मग वकील पाठवावा ऐसे ठरले. काशीराम खुद्द कापड्याचा, सयाजीचा लांबचा भाऊबंद. तो एसटीने कापड्यास उतरून डोंगर चढून वाडीस गेला, आणि सांजेस भारंगीच्या भाजीची जुडी घेऊन आणि नकार घेऊन परत आला. सयाजीचे म्हणणे ऐसे की पंचायतीत सायबर पोलिसांची सभा झाली, तीत साहेबाने सर्वांकडून हात वर करवून शपथ घेवविली की ओटीपी कोणास सांगणार नाही, बँकेस नाही, पोलिसास नाही, सख्ख्या भावास नाही. जो मागेल तो चोर समजावा. आणि सयाजीच्या फोनवर एकट्या सयाजीचे नव्हे, अवघ्या वाडीचे पैसे, पेन्शनी आणि गॅसचे सिलिंडर येतात. तो वाडीचा किल्लेदार. किल्ली मागणारा गोड बोलतो म्हणोन दार उघडणारा तो किल्लेदार कसला.

"बरोबर आहे त्याचं," बाई म्हणाल्या.

"बरोबर हाय तर मग आता?" काशीराम बोलला. "मी समोर उभा ऱ्हाऊन सांगितला, तर म्हनतो, आज तू समोर हायस. फोनात कोन आसंल ते मला काय म्हाईत."

ऐसे करता करता एकादशी उजाडली, बाईंचा शेवटचा दिवस. सकाळपासून चार्ज सुरू झाला. विनीतराव हाती यादी घेऊन कपाटोकपाट फिरले, शुभमराव बंदूक चालवीत संगे, काशीराम शिडीवर, आणि बाई चष्मा पुसत मागे. प्रत्येक ग्रंथापुढे 'सुस्थितीत' ऐसे लिहून खूण करावी, आणि शेवटी बाईंनी सही करावी की सर्व ग्रंथ अखंड आहेत. साडेचार वाजता एकच कपाट राहिले. आणि खिडकीशी अपेक्षा आली, ओली, धापा टाकीत.

"बाई, पुस्तकासाठी नाय आले. तुमचा आज शेवटचा दिस ना, म्हनून आले. ठमाआजी बोलली, बाईंना भेटून ये."

बाईंनी तिच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकून सयाजीचा नंबर फिरविला. शुभमरावांस आज्ञा केली की ओटीपी सोडावा. शुभमरावांनी कळ दाबिली. वाडीत खिळ्यावर फोन वाजला.

"सयाजी बोलतोय. कोन?"

"मी आनंदीबाई, कॉलेजातली."

"परवा असाच एक जन बोलला, मी कालिजातला म्हनून."

"तो पनवेलचा होता. मी खरी आहे रे."

"आसाल. पन फोनात समदेच खरे आसतात."

पलीकडून ठमाबाई, अपेक्षेची आजी, गरजल्या, "अरे मेल्या, बाईंचा आवाज वळखत नायस? सांग की ते आकडं! नातीची परीक्षा हाय माज्या!"

"काकी, तू गप ऱ्हा. माजी शपत हाय."

"तुजी शपत चुलीत घाल!"

"मॅडम, दोन मिनिटं," शुभमराव म्हणाले.

तेव्हां सयाजी किल्लेदार बोलला, "बाई असाल तर एक सांगा. मी तुमच्या कालिजात होतो, तवा एक पुस्तक नेलावता. त्याचं काय झालं, ते मला म्हाईत आन् बाईंना म्हाईत. तिसऱ्या मानसाला नाय."

काशीराम शिडीवर थिजला. विनीतराव यादी हाती धरून दोन हात अंतरावर उभे होते, आणि यादीत त्याच कपाटाचे, त्याच पुस्तकाचे नाव होते. सांगावे, तर बत्तीस वर्षे झाकलेली गोष्ट निवृत्तीच्या घटकाभर आधी वरिष्ठांपुढे उघडी पडते, आणि अखंडपणाची सही खोटी ठरते. न सांगावे, तर खिडकीशी पोर उभी आहे. बाईंनी विनीतरावांकडे एकदा पाहिले, मग पाहिले नाही.

"रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक," बाई बोलल्या. "ब्याण्णव साली नेलंस. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलंस आणि म्हशीने एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस पानं खाल्ली. तू रडत आलास, नाव कापतील म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही. महाडच्या वाचनालयात दुसरी प्रत होती. तिथे दोन रविवार बसून आठ पानं हाताने उतरवली, आकृत्यांसकट, आणि शिवून टाकली. रजिस्टरात 'सुस्थितीत' असं लिहिलं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग सयाजी बोलला, "लिवा. सात. शून्य. चार. चार. नऊ." आणि गहिवर येऊन, बाईंशी जवळून बोलावे म्हणोन, त्याने फोन खिळ्यावरून काढिला. रेंज गेली.

पाच आकडे हाती आणि सहावा डोंगरात. शुभमरावांनी कपाळ धरिले, आणि तीन मिनिटे सरून आकडा मेला. पलीकडे ठमाबाईंनी सयाजीस काय शब्द वापरिले ते येथे नमूद करण्यासारखे नाहीत. पाच वाजण्यास बारा मिनिटे असता फोन पुन्हा खिळ्यावर चढला आणि दुसरा ओटीपी सुटला.

"सयाजी, सांग रे आता लवकर."

"बाई, रागावू नका. हा आकडा नवा हाय. मधी फोन कापलावता. मधल्या मधी कोन घुसला आसंल तर?"

"मग?"

"म्हशीचं नाव सांगा."

ठमाबाई किंचाळल्या. शुभमराव खुर्चीत बसले. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलविले, आणि चौतीस वर्षांच्या अकरा हजार पुस्तकांतून, सभासदांतून, लावण्यांतून आणि पुरांतून नेमकी ती म्हैस बाहेर काढिली.

"सुंद्री. एका कानाला फाटलेली."

"तीन एक आठ, आठ दोन सहा," सयाजी एका दमात बोलला, या खेपेस फोनास हात न लाविता.

आकडे चढले. संगणक क्षणभर फिरला. मग हिरवी पाटी आली: सभासद अपेक्षा, नावे पुस्तके शून्य. बाईंनी स्वहस्ते बंदूक चालविली, ग्रंथ अपेक्षेच्या नावे चढला, आणि चार वाजून बावन्न मिनिटांनी मुलगी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, छातीशी धरून, चौकटीखालून गेली. चौकट बोलली नाही. ऐसी फत्ते झाली. त्या एका ग्रंथाची नोंद संगणकात झाली, संगणकावर भरवसा नाही म्हणोन रजिस्टरात झाली, आणि रजिस्टर वरिष्ठ पाहतात म्हणोन पडवीतून कार्ड आणवून त्याच्या पाठीवरही झाली.

मग विनीतराव शेवटच्या कपाटाशी गेले आणि रेडिओ दुरुस्तीचे पुस्तक काढून उभ्या उभ्या उघडले. एक्केचाळीसाव्या पानापासून निळ्या शाईचे अक्षर, मुद्रितापेक्षा सुवाच्य. आकृत्या पट्टीने ओढलेल्या. आणि अठ्ठेचाळीसाव्याच्या तळाशी छापील पानाचा शब्द जेथे तुटतो तेथेच तोडलेला, की पुढच्या पानाशी नीट जुळावा. बाई म्हणाल्या की सर, जो शेरा द्यावयाचा तो द्यावा, माझी तक्रार नाही. विनीतरावांनी यादीत त्या पुस्तकापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, 'सुस्थितीत', आणि लेखणी बाईंपुढे सहीस धरिली. पडवीतले खण दुसरे दिवशी भंगारात जावयाचे, ते आत आणावे ऐसा हुकूम तोंडीच झाला. लेखी केला असता तर कारण लिहावे लागले असते.

पुढे ज्याचे त्याचे काय झाले ते येणेप्रमाणे. शुभमराव पनवेलास परतले आणि कंपनीस लिहून कळविले की सभासदाच्या अर्जात 'घर कोठे' ऐसा एक रकाना वाढवावा. कंपनीने तो विचाराधीन ठेविला आहे. विनीतराव अद्याप प्राचार्य आहेत. धूळ दिसली की आता आधी पुसतात, सुधारणा मग करितात. काशीरामाचा अंगठा भरून आला. ठमाबाई सयाजीशी बोलत नाहीत, परंतु निरोप त्याच्याच खिळ्यावरून जातो. सयाजी किल्लेदार याचा पंचायतीने पंधरा ऑगस्टास सत्कार केला, सायबर साहेबाने नारळ दिला, आणि त्याने भाषणात सांगितले की म्हशीचे नाव कोणास कळू देऊ नये.

आनंदीबाई निवृत्त झाल्या ऐसे कागदोपत्री आहे. परंतु वाडीचे चाळीस सभासद सयाजीत अडकून राहिले होते, आणि प्रत्येकाच्या सुटकेस नवा ओटीपी, आणि प्रत्येक ओटीपीस सयाजीचा नवा प्रश्न, आणि उत्तर एकट्या बाईंस ठाऊक. म्हणोन दर मंगळवारी बाई डबा घेऊन येत, खिडकीशी बसत, आणि ब्याण्णव साली कोणी काय नेले, कोणाच्या लग्नात कोणते पुस्तक हरवले, ते खिळ्यास सांगत. चाळिसावा सभासद माघ मासी सुटला. त्याउपरीही बाई येतात. कां, ते कोणी पुसले नाही.

अपेक्षा लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाली. धावण्याच्या परीक्षेस डोंगरातली पोर म्हणोन पुढे निघाली, आणि वनरक्षक होऊन खाकी वेषात एका मंगळवारी ग्रंथ परत करावयास आली. संगणकाने मुदत उलटली म्हणोन तांबडी पाटी दाखविली. बाईंनी ती पाहिली नाही. त्यांनी ग्रंथ उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाने मोजली, खण ओढून कार्ड काढिले, आणि पाठीवर बारीक अक्षरात लिहिले: 'अपेक्षा, आंब्याखालची. परत आले. पाने पूर्ण.'